नौबेतली उचकी

कॉन्स्टंटीन
५ फेब्रुवारी २००६

बाळा तौफीक,

तुझी खालती, म्हणजे मावशी ऊनीसा अजून जिवंत आहे आणि जिभेनं तर पूर्वीपेक्षा धडधाकट आहे, हे आधी सांगते. हलीमाचा मुलगा बोटीनं आला आणि काल तुझं पाकीट देऊन गेला. दारातूनच पळत होता, पण चार मकरूद खाल्ल्याशिवाय मी त्याला सोडलं नाही.

यंत्र मिळालं. केवढंसं ते! माझ्या अंगठ्याएवढं. शेख बूजमांच्या बाराही सीडी त्यात घातल्यास म्हणतोस. ज्या माणसाला ऐकायला आम्ही पोरी लोकांच्या गच्च्यांवर चढून बसायचो, तो आता माझ्या खिशात मावतो. ठीक आहे, तुझे हात सुखी राहोत. पण तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, तुझ्याशी गोड बोलून मला काय मिळणार? म्हणून दोन तक्रारी ऐक.

पहिली अशी, की शेखांचा आवाज चाळणीतून काढल्यासारखा येतो. कोंडा गेला आणि पीठ राहिलं, असं तू म्हणशील. मला शेख कोंड्यासकट हवे होते.

दुसरी तक्रार मोठी आहे. हे यंत्र उचकी देतं. एक तुकडा संपला की गप्प होतं, मग पुढचा सुरू करतं. जेमतेम क्षणभर, पण होतं. माझ्या घरच्या सीडीच्या यंत्रावर असं होत नाही, मी लावून पाहिलं. तू लहान असताना तुला समोर बसवून डफ शिकवला, तेव्हा पहिली गोष्ट काय सांगितली होती? नौबा म्हणजे एकात एक ओवलेल्या गाण्यांची माळ, एकदा निघाली की संपेपर्यंत थांबत नाही. संथ निघते, एकेका चालीला वेग घेते आणि शेवटच्या ख्लासमध्ये धावत सुटते. एक चाल संपते त्याच ठोक्याला दुसरी उभी असते. श्वास घ्यायचा असेल तर ज्याचा त्यानं चोरून घ्यायचा, नौबेनं घ्यायचा नाही. तुझं हे यंत्र प्रत्येक दारात बूट काढत बसतं.

इथं आमच्या संगीताच्या संस्थेत मात्र सगळे खूष. नरीमान आणि तिच्या वर्गातल्या पोरींनी माझ्या यंत्रातलं सगळं आपापल्या यंत्रांत उतरवून घेतलं. आता बसमध्ये, बाजारात, पुलावर, जिथं तिथं कानात बोंडं घालून फिरतात. सी अल्लावा तर हवेत आहे. संस्थेचा अध्यक्ष झाल्यापासून तो व्हायोलिन कमी आणि भाषणं जास्त वाजवतो. म्हणतो, "ऊनीसाबाई, आता वर्गात सीडी लावायचीसुद्धा कटकट नको, पोरी घरूनच पाठ करून येतील."

फोन करू नकोस. फोनवर तू पुटपुटतोस. पत्र लिही.

तुझी
खालती ऊनीसा


मार्सेय
२० फेब्रुवारी २००६

खालती, सलाम.

तुझं पत्र दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मी इथं डॉक्टरांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण तुझ्याएवढ्या तक्रारी अख्खा दवाखाना मिळूनही करत नाही.

आधी आवाजाचं. सीडी यंत्रात उतरवायला माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे सीडीवर जे आहे ते जसंच्या तसं घ्यायचं. मग एकाच सीडीनं तुझं यंत्र अर्ध्याहून जास्त भरतं. एक नौबा खिशात आणि अकरा कपाटात. दुसरी वाट एमपीथ्रीची. माणसाच्या कानाला जे तसंही ऐकू येत नाही ते एमपीथ्री टाकून देतं आणि उरलेलं आवळून बांधतं. त्यातही मी हलकी आवळणी घेतली नाही, चांगल्यातली घेतली. म्हणून बाराही सीडी कशाबशा बसल्या. तू जो कोंडा म्हणतेस तो कुणालाच ऐकू येत नाही, खालती. तुलाही नाही.

उचकीचं म्हणशील तर यंत्र एक फाइल बंद करतं आणि दुसरी उघडतं. पापणी लवते तेवढा वेळ जातो. पापणी लवली म्हणून कुणी समुद्रापार पत्र लिहितं का?

आता तुझा विश्वास बसणार नाही, पण हातच्या काकणाला आरसा कशाला? सोबत एक सीडी पाठवतोय. त्यावर शेखांचा एकच आलाप दहा वेळा आहे. कधी जसाच्या तसा, कधी एमपीथ्रीतून काढलेला. कुठला कुठला ते मी चिठ्ठीवर लिहून माझ्याजवळ ठेवलंय. तू घरच्या यंत्रावर ऐक आणि पुरे कुठले, चाळलेले कुठले ते कळव. पास झालीस तर मी माझ्या हातानं बारा यंत्रं विकत घेऊन देईन.

तुझा
तौफीक


कॉन्स्टंटीन
१९ मार्च २००६

परीक्षक तौफीकसाहेब,

दहा उत्तरं या पत्राच्या पाठीमागे लिहिली आहेत. सोपं होतं. तिसऱ्याला जरा विचार करावा लागला, कारण खाली भाजीवाला ओरडत होता. यंत्रं घ्यायला बाजारात जा.

इथं संत्र्याच्या फुलांचे दिवस आले. यंदा मी एकटीच अर्क काढणार आहे. शेजारीण म्हणते, विकत मिळतो की. शेख गाणी म्हणायचे तीही विकत मिळतात, म्हणून का कुणी गायचं सोडतं?

बातमी मोठी आहे. सोळा एप्रिलला कलाभवनात आमच्या संस्थेची नौबा आहे. वाली, म्हणजे प्रांताचे गव्हर्नर, स्वतः येणार आहेत, बायकोसकट. पोरी गाणार, ऊद आणि मेंडोलिन वाजवणार, सी अल्लावा गुडघ्यावर व्हायोलिन उभं धरून मध्ये बसणार, आणि त्याच्या उजव्या हाताला डफ घेऊन मी. ती जागा शेख होते तेव्हापासून माझी आहे. त्यांनीच दिली. लोक तेव्हा म्हणाले, पुरुषांच्या बरोबरीला बाई बसवता? शेख म्हणाले, ठोका चुकला तर उठवीन. त्यांना कधी उठवावं लागलं नाही.

तालमीला मी अजून गेले नाही. संस्थेचा जिना माझ्या गुडघ्यांना मानवत नाही, आणि सी अल्लावा तरी तुकड्यातुकड्यानंच तालीम घेतोय. शेवटची, सलग तालीम असेल तेव्हा जाईन. मला काय शिकायचंय?

तुझी
खालती ऊनीसा


मार्सेय
२ एप्रिल २००६

खालती, सलाम.

निकाल लागला. दहापैकी तीन बरोबर. नाणं उडवून उत्तरं लिहिली असतीस तर याहून जास्त आली असती. ज्या आलापाखाली तू "हाच, हाच खरा शेख!" असं लिहून दोन रेघा मारल्यास, तो एमपीथ्री होता.

हसतोय, पण रागावू नकोस. तू एकाहत्तर वर्षांची आहेस. या वयात कानांचं वरचं टोक बोथट होतंच. फोनवर मी पुटपुटत नाही, खालती. माझ्या बायकोशी मी त्याच आवाजात बोलतो आणि ती म्हणते ओरडू नकोस. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. त्यात लाज कसली?

सी अल्लावांचा फोन आला होता. पोरींसाठी आणखी काही सीडी उतरवून हव्यात म्हणाले. मग इकडचं तिकडचं बोललो.

सोळा तारखेसाठी शुभेच्छा. वालींच्या बायकोसमोर जीभ जरा आवर.

तुझा
तौफीक


कॉन्स्टंटीन
२२ एप्रिल २००६

तौफीक,

या वेळी बाळा म्हणत नाही.

मौलिदचा सण आला, त्यामुळे सलग तालीम राहूनच गेली. आम्ही सरळ कलाभवनात बसलो. पहिल्या रांगेत वाली, त्यांची बायको आणि सगळे टायवाले. नौबा छान निघाली. मी मनात म्हटलं, पोरींनी मेहनत केली आहे, उगाच नावं ठेवत होते. एक चाल संपून दुसरी लागताना पोरी जरा अडखळत होत्या, पण संथ चालीत ते खपून जातं. मी डफ सैल सोडून त्यांना सांभाळून घेतलं.

मग शेवटून दुसरी चाल, इनसिराफ, संपली आणि ख्लास आली. तिथं सांभाळायला जागाच नसते, तिथं धावायचं असतं. मी धावले. आणि सगळ्या पोरी, सगळ्या, एका दोरीला बांधल्यासारख्या थांबल्या. अख्ख्या कलाभवनात माझा डफ एकटा वाजला. दोन ठोके. मग पोरी सुरू झाल्या, आणि मी त्यांच्या पुढे, त्या माझ्या मागे. वालींची बायको तोंडावर हात धरून हसली. हात धरला म्हणून हसू झाकलं जात नाही.

नंतर सी अल्लावा उभा राहिला आणि माईक घेऊन म्हणाला, "आमच्या ऊनीसाबाईंचं आता वय झालं, रसिकांनी मोठ्या मनानं माफ करावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या म्हातारपणाला टाळ्या! मी डफ पिशवीत घातला आणि पायी घरी आले.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. मी म्हटलं, चूक पोरींची आहे. तो म्हणाला, "सगळ्या पोरी एकदम, एकाच जागी चुकतील? आणि बाई, तुमचा भाचाच मला फोनवर म्हणाला की तुमचे कान गेलेत, त्यानं परीक्षा घेतली." माझी जागा त्यानं नरीमानला दिली आहे. ती पोर रडत होती, तिला मी दोष देत नाही.

तुला देते. इकडचं तिकडचं बोललास, नाही का? उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या हातांनी तुला भरवलं त्यांचा डफ काढून घेतलास.

तरी एक काम सांगते, आणि ते तू करशील. तुझ्याकडे तीच फाइल की काय ती आहे. ती लाव. ऐकू नकोस, मांडीवर हातानं ठेका धर. इनसिराफमधून ख्लासमध्ये जा. हात थांबवायचा नाही. आणि मग मला सांग, तुझा हात कुठं पडला.

ऊनीसा


मार्सेय
६ मे २००६

खालती,

माझा हात रिकाम्यात पडला.

मेट्रोत बसलो होतो. तू म्हणालीस तसा मांडीवर ठेका धरला. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. ख्लास आली आणि माझा हात शांततेवर पडला. मग शेख आले, माझ्या मागून. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा मीच चुकल्यासारखं वाटलं. तुला कलाभवनात कसं वाटलं असेल ते तेव्हा कळलं आणि मला उतरायच्या स्टेशनाचंही भान राहिलं नाही.

घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं. आवाज तिथं डोंगरासारखा चढता उतरता दिसतो. प्रत्येक सांध्यावर मध्येच एक सपाट पट्टी. सीडीवर दोन चालींच्या मध्ये नुसती खूण असते, भिंत नसते, म्हणून तुझ्या घरच्या यंत्रावर नौबा सलग वाहते. मी एमपीथ्री करताना त्या खुणांवर कापून तुकडे केले. एमपीथ्री आपल्या प्रत्येक तुकड्याला पुढे-मागे थोडी शांतता चिकटवतं, त्यात यंत्राचा फाइल उघडायचा वेळ. खुणेच्या जागी भिंत झाली. आणि पोरींनी गाण्याबरोबर भिंतही पाठ केली. त्या थांबल्या नाहीत, खालती. त्यांना वाटतं नौबा तशीच आहे.

सी अल्लावांना मी काय म्हणालो ते लपवत नाही. ते म्हणाले, ऊनीसाबाई यंत्राबद्दल कुरकुर करतात. मी म्हणालो, त्यांचे कान आता तितके राहिले नाहीत, मनावर घेऊ नका. हसत हसत म्हणालो. काल फोन करून त्यांना सगळं सांगितलं, कागदावर त्या सपाट पट्ट्या छापून पाठवल्या. ते म्हणाले, बघतो.

या सोबत नवं यंत्र आहे. बाराही सीडी पुन्हा उतरवल्या. एमपीथ्रीच, पण एक सीडी म्हणजे एक अख्खी फाइल. कापाकाप नाही, म्हणून शांतता नाही. वाईट इतकंच की आता मधलं गाणं निवडता येणार नाही. ख्लास ऐकायची तर सुरुवातीपासून बसावं लागेल.

आवाजाच्या परीक्षेत मात्र तू नापासच आहेस. ते मागे घेत नाही.

तुझा
तौफीक


कॉन्स्टंटीन
१८ जून २००६

बाळा तौफीक,

घे, बाळा म्हटलं.

नवं यंत्र ऐकलं. उचकी गेली. आणि सुरुवातीपासून बसावं लागतं ते तू वाईट म्हणतोस? इतक्या वर्षांत तुझ्या हातून झालेलं ते पहिलं शहाणपणाचं काम आहे. हल्लीच्या पोरींना सरळ ख्लासच हवी असते. लग्नाला येतात आणि थेट गोड मागतात.

आता सी अल्लावाचं ऐक. तो पुन्हा आला. तुझे कागद त्याच्या खिशात होते. मी कॉफी दिली, ताज्या फुलांच्या अर्काचे दोन थेंब घालून. शत्रूला सुद्धा वाईट कॉफी देऊ नये.

"बाई, तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"मग हे माईकवरून सांग."

"अहो, जरा व्यवहारानं घ्या. सोळा पोरींना आता तसंच बसलंय. सप्टेंबरात रेडिओवाले येणार आहेत. रमझानात लावायला आपली नौबा टेप करणार आहेत, लोकांसमोर. तेवढ्यात सगळ्यांची घडी मोडायची म्हणजे..."

"म्हणजे काय करायचं म्हणतोस?"

"तुम्ही या. डफावर तुम्हीच बसा, जागा तुमचीच. फक्त त्या सांध्यांवर पोरींबरोबर तुम्हीही क्षणभर थांबा. सगळे एकदम थांबले की ते चुकल्यासारखं वाटत नाही. कुणाला कळतंय?"

"शेखांना कळलं असतं."

"शेख गेले, बाई. पोरी आहेत."

मी विचार करते म्हटलं आणि त्याला कप धुवायला न लावता घालवून दिलं.

तौफीक, मला ती जागा हवी आहे. खोटं कशाला बोलू? नवरा गेला, मूल झालं नाही, मखमलीवर जरीचं भरतकाम करायचे ते डोळ्यांनी सोडायला लावलं. त्या एका जागेवर बसले की मी कुणाची खालती नसते आणि कुणाची विधवा नसते. एप्रिलपासून शुक्रवारी दुपारी मी डफ काढते, तापवते आणि पुन्हा पिशवीत ठेवते. ज्यानं ती जागा घेतली तोच ती परत देतोय, आणि बदल्यात एक क्षण मागतोय.

तू शिकलेला आहेस. सांग.

तुझी
खालती


मार्सेय
३ जुलै २००६

खालती, सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू मला सल्ला विचारलास, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं, म्हणून नीट विचार करून लिहितोय.

हो म्हण.

तुझी जागा माझ्या जिभेनं गेली. ती परत मिळत असेल तर मला शांत झोप लागेल, हा माझा स्वार्थ आहेच. पण तुझंही हित त्यातच दिसतं. एकदा त्या जागेवर बसलीस की पुढच्या वर्षी हळूहळू पोरींना सुधारता येईल. बाहेर राहून काय सुधारणार? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आणि खरोखरच, एका क्षणाचा तर प्रश्न आहे.

लवकर उत्तर दे.

तुझा
तौफीक


मार्सेय
२८ ऑगस्ट २००६

खालती,

जुलै गेला, ऑगस्ट संपत आला, तुझं उत्तर नाही. फोन केला तर उचललास आणि "मोठ्यानं बोल" म्हणून ठेवलास. रागावलीस का?

शेवटी सी अल्लावांना फोन केला. ते म्हणाले, ऊनीसाबाई कधीच कबूल झाल्या, तालमीला येतात, सगळ्यांबरोबर अगदी व्यवस्थित थांबतात. फार खुषीत होते. तुमचा भाचा असावा तर असा, असं काहीतरी म्हणाले.

मीच तुला हो म्हणायला सांगितलं होतं. आता तू माझं ऐकलंस तर मला बरं वाटायला हवं. पण त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं काय झालं. मी म्हणालो, माझी खालती थांबायला लागली. तिला काही कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही.

असो. नऊ सप्टेंबरला रेडिओवाले येणार असं ते म्हणाले, त्यासाठी शुभेच्छा.

तौफीक


कॉन्स्टंटीन
१७ सप्टेंबर २००६

माझ्या बाळा,

आधी जेव. मग वाच.

तालमीत थांबत होते, ते खरं आहे. सी अल्लावाला दोन महिने सुखानं जगू दिलं. दर आठवड्याला जिना चढायचे, गुडघ्यांना शिव्या घालायचे, डफ धरायचे आणि सांधा आला की हात वर ठेवायचे. प्रत्येक वेळी तोंडात कडू यायचं. तुला पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू घाबरून त्याला फोन केला असतास. तुझं आणि फोनचं काही खरं नाही.

मधल्या दिवसांत एवढंच केलं, की तुझं अख्ख्या फायलीवालं यंत्र नरीमानला दिलं. म्हटलं, ऐकायचं तर ऐक, मी सांगणार काहीच नाही. तिनं ऐकलं. मग तिच्याकडून आणखी काही जणींनी घेतलं. काहींनी दोन दिवसांत परत केलं, म्हणाल्या यात पुढचं गाणं लावता येत नाही, कंटाळा येतो. कोण ऐकतंय आणि कोण नाही, हे मी विचारलं नाही. त्याही तालमीत गुपचूप थांबत होत्या.

नऊ तारखेला सभागृह भरलं. या वेळी टायवाले नव्हते, आपल्या गल्लीबोळांतली माणसं होती. म्हाताऱ्या बायका काळ्या मलाया पांघरून मागच्या रांगांत. रेडिओवाल्यांनी आमच्यासमोर माईक उभे केले. संथ चालींचे सांधे आले तिथं मी थांबले, सगळ्यांबरोबर. मागच्या रांगेतली एक म्हातारी पुटपुटली, "काय झालं यांना?" सी अल्लावानं माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकीची.

मग इनसिराफ संपली.

मी थांबले नाही.

डफ ख्लासमध्ये शिरला. माझ्या डावीकडून नरीमानचा ऊद आला, त्याच ठोक्याला. मागून आणखी चार-पाच जणी. बाकीच्या थांबल्या, भांबावल्या, दोघी उशिरा धावल्या, एकीचं मेंडोलिन भलत्याच सुरात गेलं. फार वाईट गोंधळ झाला, तौफीक, उगाच खोटं सांगत नाही. सी अल्लावानं व्हायोलिनचा गज वर उचलला आणि भर नौबेत ओरडला, "थांबा!"

पोरींनी त्याच्या गजाकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. त्या क्षणी मी देवाचं नाव घेतलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं त्या काय करतील. एकटी पडले असते तरी मी शेवटपर्यंत वाजवणार होते, एवढं मात्र ठरवून आले होते. आणि एक एक करून त्या आल्या. सगळ्या आल्या. मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांनी टाळीचा ठेका धरला आणि पोरींना उचलून घेतलं. अशी ख्लास मी शेखांच्या काळातही वाजवली नव्हती. सी अल्लावा गज वर धरून तसाच बसला होता. त्याला आत शिरायला जागाच मिळाली नाही.

संपल्यावर तो माझ्यावर धावून आला. "बाई, मी थांबा म्हणालो ते ऐकू नाही आलं?"

मी म्हटलं, "माझे कान गेलेत, सी अल्लावा. तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात."

खरं सांगू? कान गेलेतच. जुलैत डॉक्टरांकडे जाऊन आले. तुझी परीक्षा बरोबर होती, ते आज कबूल करते आणि पुन्हा कधी करणार नाही. पण त्याचं ते ओरडणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला संस्थेतून काढलं, कागदावर शिक्का मारून. जागा गेली. दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. रडले, तेही लिहिते. तिसऱ्या दिवशी नरीमान चार जणींना घेऊन आली आणि बैठकीत भिंतीला टेकून बसली. मी डफ आणायला आत गेले.

रेडिओचा माणूसही येऊन गेला. भला मुलगा आहे. म्हणाला, "खालती, नौबा सुरेख झालीय, पण मध्ये ते 'थांबा' टेपवर आलंय, फार जोरात. आम्ही तेवढं कापून टाकतो. क्षणभराचंच आहे, कुणाला कळणारही नाही."

मी त्याला कॉफी देत होते, ती हातातच राहिली. म्हटलं, "पोरा, हात लावलास तर याद राख. त्यातून क्षणभरसुद्धा काढायचं नाही. आहे तसं लाव."

पहिल्या रोज्याला लावणार आहेत, सूर्य मावळायच्या आधी. तिकडे लागत असेल तर ऐक. ख्लासच्या तोंडाशी त्याचा "थांबा" ऐकू येईल. त्याच्यापुढे आम्ही आहोत.

तुझी
खालती ऊनीसा